टकल्या खडकाला पाणी

मोगदो बेट, जिंदो तालुका
१० फेब्रुवारी, सणाचा दिवस, दुपार

दानबी,

फोनवर तू मला बंद केलंस. मेसेजवर बंद, ईमेलवर बंद. टपालखात्याला अजून तसलं बटण सुचलेलं नाही, म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून मग फाड. मी एवढं लिहायचं आणि तू न वाचता फाडायचं, हा अन्याय आहे.

मी तुझ्या घरी आहे. घाबरू नकोस, सोकचोच्या खोलीवर नाही. तुझ्या कामाच्या दवाखान्यात डिसेंबरात आपल्यात जे झालं त्यावर मी एक अक्षर लिहिणार नाही. मी मोगदोला आहे, तुझ्या आजीच्या ओसरीवर, तुझ्याच जुन्या शाळेच्या स्वेटरमध्ये. तो मला कोपरापर्यंतच येतो.

चांद्र नववर्षाला तू घरी असणार हे मी गृहीत धरलं होतं. सगळा देश घरी जातो, तू का नाही जाणार? बोटीवर प्रत्येकाच्या मांडीवर सफरचंदांचा नाहीतर मांसाचा खोका, मी एकटा रिकाम्या हातांचा. दारात तुझी आजी उभी. म्हणाली, "कोन रं तू?"

"मी प्यो गांगसान. सुवोनचा. दानबीचा मित्र."

"आन् दानबी कुठाय?"

"ती... इथं नाही?"

त्यावर ओकसिम आजी इतकी हसली की भिंतीला धरून खाली बसली. "पोरगी तिकडं, मित्र हिकडं! अरं, तिची ड्यूटी हाय. सोकचोतल्या समद्या म्हाताऱ्यांचे गुडघे वळवून देते. सोताच्या म्हातारीचा हात मोडला त्याचा पत्ता न्हाई तिला." आणि मग जीभ चावली. तुला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली. मी शपथ घेतली आणि आता सांगतोय. उजवा हात, मनगटाच्या वर. शिंपल्या काढताना घसरली. प्लास्टर आहे. जिंदोच्या डॉक्टरनं घातलंय, नीट वाटतं, पण ते तुला कळणार, मला नाही.

"शिकतोस काय?" तिनं विचारलं.

"सोडलं."

"परीक्षेच्या आदल्या दिवशी मियोकचं कालवन खाल्लंस व्हय?"

ते समुद्रातलं बुळबुळीत पान खाल्लं की पेपर हातातून निसटतो, हे मलाही माझ्या आईनं शिकवलंय. मी म्हणालो, "नापास नाही झालो आजी. मीच सोडलं, तिसऱ्या वर्षाला."

"म्हंजे नापास व्हायलासुदिक थांबला न्हाईस."

तुम्ही दोघी एकाच साच्यातल्या आहात.

आज सकाळी तिनं एका हातानं आजोबांचं ताट मांडलं. सूप, मासा, नाशपाती. मग एकटीच वाकून नमस्कार करायला लागली, आणि तो मोडका हात जमिनीला टेकेना. मी काय भिंतीला टेकून बघत बसू? उठलो, तिच्या शेजारी उभा राहिलो, आजोबांपुढं दोनदा पूर्ण वाकलो. मग तिला सणाचा नमस्कार केला. तिनं तांदळाच्या वड्यांचं सूप वाढलं. आणखी वाढलं. दाराच्या फटीतून शेजारची सेचानची आई डोकावत होती, तिला मी मान लववली. एवढंच.

आज वारा आहे, बोट बंद आहे. वारा पडला की जाईन. परवा अमावास्येच्या उधाणाची मोठी ओहोटी. गाव मियोकचे खडक घासायला निघणार म्हणतात. आजी सारखी प्लास्टरकडं बघतेय, मग माझ्याकडं, मग पुन्हा प्लास्टरकडं.

गांगसान


१४ फेब्रुवारी

दानबी,

वारा पडला. बोट सुरू झाली. मी गेलो नाही.

तुमच्या गावचा नियम मला पटलेला नाही आणि तो मी गावसभेच्या अध्यक्षांच्या तोंडावर सांगितला आहे. ज्या घराचा हात घासणीला लागला नाही त्या घराचा खडकातला वाटा गेला, आणि गेलेला वाटा पुन्हा येत नाही? हात मोडला असेल तरी? "तरी," म्हणाले बांग अध्यक्ष. माणूस मेला असेल तरी? "मग तर जातोच."

मी आजीला म्हणालो, जाऊ दे ना, म्हातारपणी कशाला खडक? तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जसं तू पाहतेस. "खडक गेला की मी हितं कशापायी ऱ्हाऊ? नुसती भिंतीकडं बघत? मग न्या मला मोकपोच्या वृद्धाश्रमात, तिथं बी भिंती हायेत."

म्हणून मी गेलो. तुझ्यासाठी गेलो असं समजू नकोस. म्हणजे समजलीस तर माझी हरकत नाही.

धक्क्यावर सगळं गाव रबरी कपड्यांत उभं. अध्यक्षांनी मला अडवलं. "हा कोन?"

"माझ्या घरचा हात," आजी म्हणाली.

"घरचा? कुठल्या घरचा? बाहेरचा मानूस खडकावर चालत न्हाई, ओकसिम आजी."

त्यावर सेचानच्या आईनं काहीतरी सांगितलं, मग तुझ्या आजीनं काहीतरी सांगितलं, आणि सगळा धक्का हसला. अध्यक्षांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, म्हणाले, "बरं. चढ बोटीत." नक्की काय सांगितलं ते मला नीट ऐकू आलं नाही. वारा होता.

(वारा पडला होता असं मी वर लिहिलंय. थोडा होता.)

लांब दांड्याच्या खुरप्यानं खडक खरवडायचा. हिरवं, लाल, केसाळ, सगळं उपटून समुद्रात ढकलायचं, म्हणजे मियोकच्या बारीक पोरांना धरायला उघडा दगड मिळतो. तू हे लहानपणापासून पाहिलंयस, मला कधी बोलली नाहीस. कॉलेजच्या खानावळीत वाढदिवसाचं मियोकचं कालवण खाताना तू प्रत्येक वेळी पान उलटून बघायचीस आणि नाक मुरडायचीस. मला वाटायचं नखरा. आता कळलं, तू ते कुठल्या खडकाचं ते बघत होतीस.

लाट आली की सगळे दगडाला चिकटायचे आणि मी एकटा उभा. दोनदा कंबरेपर्यंत भिजलो. सेचानची आई ओरडली, "अवो, समुद्राशी भांडू नका! तो तुमच्यावानी कॉलेज सोडून घरी जात न्हाई!" आजीनं गावभर सांगितलंय तर.

परत आल्यावर सभागृहात चिठ्ठ्या. कुठला खडक कुणी राखायचा ते चिठ्ठीवर. आजीच्या घरची चिठ्ठी मी काढली. टकल्या. सगळं सभागृह 'अरेरे' करत हसलं. सगळ्यात उंच, ओहोटीत सगळ्यात आधी उघडा पडणारा, सगळ्यात आधी तापणारा. मी म्हणालो, पुन्हा काढा, आजारी माणसाच्या घराला हा खडक देणं बरोबर नाही. बांग अध्यक्ष म्हणाले, "चिठ्ठी समुद्राची. तक्रार तिकडं कर." मी टेबलावर हात आपटला. चहाचा पेला सांडला. आजीनं माझी कॉलर धरून मला खाली बसवलं, एका हातानं.

पुढच्या बोटीनं जाईन. कोणत्या पुढच्या, ते लिहीत नाही. तिला भांडी घासता येत नाहीत.

गांगसान


२२ मार्च

दानबी,

तुझं कार्ड आलं. बोटवाल्यानं ते सगळ्या बोटीसमोर उलटून वाचलं, कारण एकच ओळ होती: "होणारा नवरा हा शब्द कुठून आला?"

उल्सानहून सेचाननं तुला फोन करून अभिनंदन केलं असणार. त्याच्या आईनं त्याला सांगितलं. त्याच्या आईनं सणाच्या सकाळी दाराच्या फटीतून मला तुझ्या आजोबांच्या ताटापुढं वाकताना पाहिलं. परक्याच्या पूर्वजापुढं सणाच्या सकाळी कोण वाकतं? मुलगा नाहीतर जावई. मुलगा तुझ्या आजीला उरलेला नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तिनं बाकीचं आपल्या मनानं जुळवलं.

माझ्या लक्षात आलं नाही. माझ्या आईनं हे ऐकलं तर म्हणेल, कोंबडीला कळतं ते तुला कळत नाही. मला एक म्हातारी एका हातानं वाकताना दिसली, बस.

आता धक्क्यावरचं. ऐकू आलं होतं. सेचानची आई म्हणाली, "बाहेरचा कसला, दानबीचा नवरा व्हनार हाय तो, मी डोळ्यांनी बघितलंय." अध्यक्षांनी आजीला विचारलं, "खरं काय?" आणि आजी म्हणाली, "खोटं असंल तर माझं दुसरं मनगट मोडंल." सगळे हसले. सगळे माझ्याकडं बघत होते. मी नाही म्हणू शकलो असतो. मी मान लववली. बोटीत चढलो. खडक वाचला.

आणि खरं सांगू? मला तो शब्द ऐकून आनंद झाला. तिथं, त्या थंडीत, त्या वासात, मी वेड्यासारखा आनंदलो होतो. हे लिहायला नको होतं, पण शाईनं लिहिलंय.

मी आजीला तुझं कार्ड दाखवलं. म्हणालो, मी अध्यक्षांना आत्ता जाऊन सांगतो. ती भाजी निवडत होती, डाव्या हातानं. "सांग. मग जुलैत कापनी तू कर, तुझ्या सुवोनच्या डांबरी रस्त्यावर." भाजीचे देठ बाजूला सारले. मग म्हणाली, "तिला इच्चार. घर तिचं, नाव बी तिचं."

म्हणून विचारतो. तू एक शब्द लिही, 'सांग'. मी त्याच दिवशी सांगेन, सगळ्यांपुढं, आणि पहिल्या बोटीनं जाईन. खडक जाईल, पण तुझं नाव तुझ्याकडं राहील. आणि तू काहीच लिहिलं नाहीस, तर त्याचा अर्थ 'हो' असा मी घेणार नाही. फक्त 'अजून नाही' असा घेईन.

आजीचं प्लास्टर काढलं. मनगट काठीसारखं बारीक झालंय. तुझ्या कामातलं असेल तर काय व्यायाम द्यायचा ते कळव. मला नको, तिला कळव.

गांगसान


८ जून

दानबी,

व्यायाम करतेय. कुरकुरत करतेय. पिठाचा गोळा दाबायचा तू सांगितलास, ती त्याचे मुटके करते आणि उकडून मला खायला घालते. तुझा फोन आला की मी अंगणात जातो, पण अंगण काही लांब नाही. तिच्याकडून एवढंच ऐकू येतं: "हं. हं. व्हय. जेवतो. हं. जास्तच जेवतो." परवा फोन ठेवून म्हणाली, "दानबी म्हनली, उन्हात डोक्यावर ओलं फडकं ठेव." हे तिनं मनानं घातलेलं असेल तर मला कळवू नकोस.

आता जे झालं ते. दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी माझ्याकडून ऐक.

मेपासून पाणी चाललंय. उधाणाच्या ओहोटीला, भर दुपारी, समुद्र खडक सोडून खाली जातो आणि पोरसवदा मियोक उन्हात उघडं पडतं. गाव आपापल्या खडकावर उभं राहतं आणि वाडग्यानं समुद्र उचलून खडकावर ओततं. पाणी परत चढेपर्यंत. समुद्राच्या रोपाला समुद्राचंच पाणी हातानं! पहिल्या दिवशी मी हसलो होतो. दुसऱ्या दिवशी हात वर होईना, केस आजीनं विंचरले.

टकल्यापर्यंत वाडगं पोचत नाही. मी बादली भरून वर चढतो, ओततो, उतरतो. पहिली बाजू ओली होते तोवर दुसरी कडक. सगळ्यांचे खडक चमकत असतात आणि माझा ठिपक्याठिपक्यांचा. "जावईबापू, न्हाव्याला बोलवा, टकल्याची हजामत करू!" हे रोजचं. मला आता ते आवडतं. सेचानची आई स्वतःचा खडक झाला की कधीकधी न बोलता चार बादल्या वर देते.

परवा ऊन फारच होतं. वारा नाही. बांग अध्यक्ष शेजारच्या खडकावर. त्यांनी ओतता ओतता विचारलं, "काय रं, जावयानं पानी घालायचं आन् पोरीनं फोनवर मजा बघायची व्हय? घासनीला न्हाई, सनाला न्हाई. एकदा तरी फिरकली का? खरा नवरा असतास तर..."

एवढंच. पुढं ते काही बोललेही नाहीत. पण 'खरा' म्हणाले, दानबी.

मी बादली आपटली. ओरडलो, "नाही मी कुणाचा नवरा! होणारा पण नाही! तिनं मला डिसेंबरातच सोडलंय! मी नुसता आजीकडं भात खातो, झालं समाधान?"

पाण्यावर आवाज फार लांब जातो. सगळे खडक थांबले. वाडगी हवेत. मीच मघाशी भिजवलेल्या पानांवरून पाणी टपकत होतं, तेवढं ऐकू येत होतं. मला वाटलं, मी आजीचा खडक माझ्या तोंडानं समुद्रात बुडवला.

मग सेचानची आई म्हणाली, "बोंबलून झालं आसंल तर पानी घाल. वाळाय लागलंय."

मी बादली उचलली. पाणी घातलं. सगळ्यांनी घातलं. भरती येईपर्यंत वाडगी चालूच राहिली. परतीच्या बोटीत अध्यक्ष म्हणाले, "कापनीच्या आधी बैठक." त्यांचा आवाज चढलेला नव्हता. तो चढला असता तर बरं झालं असतं.

आजीला सगळं आधीच कळलं होतं. मी दारात उभा. ती म्हणाली, "उभ्या जन्मात ह्या गावात एक खोटं बोलले, ते बी तुला सांभाळता आलं न्हाई." आणि ताट वाढलं. नेहमीएवढंच. वर एक मासा.

मी पिशवी भरली होती. काल दुपारी ओहोटीच्या वेळी बाहेर बघतो तर आजी बादली घेऊन धक्क्याकडं निघालेली, त्या काठीसारख्या मनगटानं. मी धावत जाऊन बादली हिसकावली. ती म्हणाली, "पिशवी भरलेली दिसली, म्हनलं ह्यो चालला."

"पाणी घालून मग जातो," मी म्हणालो.

आज पुन्हा घातलं. अजून कुणी अडवलेलं नाही.

वाटा जाईल तर माझ्या तोंडामुळं जाईल, तुझ्या आजीमुळं नाही. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं.

गांगसान


७ जुलै

दानबी,

काल सभागृहात तू फोनवर काय बोललीस ते तुला माहीत आहे. तू फोन ठेवल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. आणि आधीचंही सगळं नाही. सांगतो.

अध्यक्ष उभे राहिले. म्हणाले, "मला ह्या पोराशी वैर न्हाई. पन माझ्या सख्ख्या भावाचा वाटा ह्याच नियमानं गेला. तो ट्रॉलरवर होता, घासनीला पोचला न्हाई. तवा मी गप बसलो, कारन नियम समद्यांना सारखा. आता मी कुठल्या तोंडानं..." आणि बसले. मी त्यांच्याशी भांडायची तयारी करून आलो होतो, सगळी वाक्यं पाठ होती. त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

तुझी आजी उठली नाही. बसूनच म्हणाली, "तुमचा भाऊ आला न्हाई म्हनून गेला. ह्यो आला. घासलं, पानी घातलं. नवरा न्हाई, कबूल. खोटं मी बोलले, त्याची शिक्षा मला करा. खडकाला कशाला?"

कुणीतरी मागून म्हणालं, "हात घरचा पायजे. ह्यो कुठं घरचा?"

सेचानची आई फणकारली. "एका हंडीतलं जेवतो तो घरचा! आपल्यात दुसरं काय मोजत्यात? तुमचा थोरला बारा महिने तिकडं सेऊलला जेवतो, त्याला घरचा म्हनता न्हवं? ह्यो सनापासनं ओकसिम आजीच्या हंडीत हाय. मी वास घेते रोज, मला विचारा काय शिजतं ते!"

हशा झाला. अध्यक्षही हसले. पण मान हलवली. "हंडी आजीची. पन तिच्यामागं वाटा दानबीच्या नावावर. तिच्या तोंडनं ऐकू दे. ह्या पोराला ती घरचा म्हनती का न्हाई. न्हाई म्हनली तर इषय संपला."

आणि त्यांनी तुला फोन लावला. मोठ्या आवाजावर. तू उचलेपर्यंत माझ्या कानात नुसती लाट होती.

तुझं पहिलं वाक्य: "तो माझा नवरा नाही, होणारा नाही, आणि हे माझ्याऐवजी पुन्हा कुणी ठरवायचं नाही, आजीनंसुद्धा." मी उठून चपला शोधायला लागलो. खरंच. एक सापडली होती.

मग तू म्हणालीस, "पण तो आमच्या घरचा हात आहे. आजीचा हात मोडलेला त्यानं मला कळवला, शपथ मोडून. तुमच्यापैकी कुणी कळवलं नाही. खडक त्यानं घासला तो आमच्या घरचा म्हणून घासला. कापणीला मी येतेय." आणि ठेवलास. ना नमस्कार, ना काही.

अध्यक्ष फोनकडं बघत बसले. मग म्हणाले, "ह्या घरातल्या बायका..." आणि वाक्य पुरं केलं नाही. "हात वर करा." हात वर झाले. सगळ्यात आधी सेचानच्या आईचा, दोन्ही. सगळ्यात शेवटी अध्यक्षांचा. वाटा राहिला. अट एकच: पुढल्या घासणीला तू स्वतः यायचं. ती मी कबूल केलेली नाही, ती तुझी तू कर. तुझ्याऐवजी मी आता काही ठरवत नाही.

आजी रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "चला, भात निवतोय."

बाहेर अध्यक्ष माझ्या बरोबरीनं चालत राहिले. "डिसेंबरात सोडलं म्हनालास न्हवं?"

"हो."

"मग फेब्रुवारीत आलास कशाला?"

"राग आला होता."

"रागानं आलेला मानूस वारा पडला की जातो," ते म्हणाले, आणि त्यांच्या गल्लीकडं वळले. पाच पावलांवरून ओरडले, "पेला फोडलास तो विसरलो न्हाई हां मी!"

फुटला नव्हता. सांडला होता. पण मी भांडलो नाही.

गांगसान


२० जुलै

दानबी,

उद्या कापणी. हे पत्र आत्ता दुपारच्या बोटीनं जाईल. हीच बोट उद्या सकाळी तुला घेऊन येईल. म्हणजे पत्र सोकचोच्या तुझ्या दारात पडेल तेव्हा तू इथं असशील, आणि तू परत गेल्यावर हे उघडशील. असं का करतोय माहीत नाही. समोर आलीस की मी सगळं एका दमात बोलून टाकीन ही भीती आहे, म्हणून त्यातलं थोडं इथं लिहून कमी करतोय.

टकल्याचं मियोक बाकीच्यांसारखं रुंद नाही. आखूड आहे. सेचानच्या आईनं पान बोटांत धरून, उन्हासमोर करून पाहिलं. मी श्वास रोखून उभा. "आखूड हाय," म्हणाली. मग, "पन जाड हाय. उकळीला टिकंल." मग जरा थांबून म्हणाली, "सेचानच्या बायकोला ऑक्टोबरात दिवस भरत्यात. तिच्यापुरतं तुमच्या टकल्यावरचं द्या. न मोडता, न दुमडता. आनी मी काय देईन त्यावर घासाघीस करायची न्हाई, सांगून ठेवते."

बाळंतिणीला मियोकचंच कालवण देतात आणि त्या मियोकची घासाघीस कुणी करत नाही, हे मलासुद्धा माहीत आहे. पण गावात एवढे खडक असताना तिनं माझ्या... तुमच्या खडकावरचं मागितलं. आजीनं मला कोपरानं ढोसलं, "हं म्हन की." मी हं म्हणालो.

सप्टेंबरात कॉलेजचं दार उघडतं. परत जायचं की नाही ते अजून ठरलेलं नाही. रागात ठरवायचं नाही, एवढं ठरलंय. जाण्याआधी पुढल्या वर्षीची चिठ्ठी कुणी काढायची ते आजी विचारत होती. मी म्हणालो, तुमची नात येईल. ती म्हणाली, "ती टकल्या काढनार न्हाई. तिचं नशीब चांगलं हाय." मग मला बघून म्हणाली, "तसं चांगलं बी न्हाई."

तू अध्यक्षांना सांगितलंस ते मी पाळतोय. कुणी जावईबापू म्हणालं तर मी म्हणतो, हात. घरचा हात. पोरं आता 'हातसाहेब' म्हणायला लागलीत. तुझ्या आजीलाही मी सांगितलं की दानबी आली की तुम्ही एक अक्षर सुचवायचं नाही, ना हसून, ना भांडी वाजवून. तिनं होकार दिला. भांडी वाजवतच दिला.

धक्क्यावर मी येणार नाही. पहाटेपासून खडकावर असेन. ओहोटी थांबत नाही. बोट दक्षिणेकडून वळते तेव्हा टकल्या डाव्या हाताला दिसतो, त्यावर उभा असेन तो मी. हात हलवायचा की नाही ते तुझं तू बघ. मी हलवीन.

तू हे वाचत असशील तेव्हा तुला सगळं माहीत असेल. तू हात हलवलास का. खडकावर आपण काय बोललो, की बोललोच नाही. परत जाताना तू एकटी गेलीस का, की धक्क्यापर्यंत कुणी आलं. तुला ते सगळं माहीत आहे आणि मला, इथं, या क्षणी, काहीच माहीत नाही. तुझा मला हेवा वाटतो. आणि तरी मी आज सकाळपासून उगाचच हसतोय, आजी दोनदा म्हणाली, ऊन लागलं वाटतं ह्याला.

बोटीचा भोंगा झाला. आजी आतून विचारतेय, "विळ्यांना धार लावली का?"

"लावली. दोन्ही."

"दोन कसले? तिसरा काय माझा मेलेला नवरा लावनार?"

"आजी, तुमचं मनगट..."

"माझी नात येनार, खडक माझा, आन् मी हितं बसून भात शिजवू? आन तो विळा."

जातो. तिसरा विळा गंजलाय, त्याला वेळ लागेल.

गांगसान